‘सुनंदाबाई’ म्हणजे मीच : फॅमिली पेन्शनच्या टेबलाबद्दल

आधी स्टार सांगते, कारण बऱ्याच जणी तेवढंच बघून पुढं जातात. आमच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयातल्या फॅमिली पेन्शनच्या टेबलाला पाचपैकी चार. एक कापला तो जिन्याचा. ज्या कामाला साठीच्या पुढच्या विधवा येतात ते काम वरच्या मजल्यावर ठेवायचं कोणाच्या डोक्यात आलं, देव जाणे. माझ्यासमोर एक आजी चौथ्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, “पेन्शन खाली पाठवा, मी काय वर येत नाही.”

आता सविस्तर.

आमचे हे हवालदार. मराठा लाइट इन्फंट्रीत १९८४ ला भरती झाले, २००८ ला पेन्शनवर आले. १७ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे छातीत कळ आली आणि तालुक्याला पोचायच्या आत सगळं संपलं. वय साठ. मी अंगणवाडी सेविका, म्हणजे फॉर्म भरणं मला नवं नाही. वजनाची नोंद, पोषण आहाराची नोंद, लसीकरणाची नोंद, निम्मं आयुष्य रजिस्टरात गेलं. पण ह्यांची काळी पेटी मी कधी उघडली नव्हती. वर पांढऱ्या रंगानं नंबर, रँक आणि नाव लिहिलेली ती पेटी. चावी ह्यांच्या जानव्याला असावी तशी कायम कमरेच्या करदोड्याला. आत कागद कुठले, कशासाठी, हे ना त्यांनी सांगितलं, ना मी विचारलं. माझं माहेर साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरी या सैनिकांच्या गावाशेजारचं. तिकडच्या बायकांना नवऱ्याच्या पीपीओचा, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदाचा, नंबर ओवीसारखा पाठ असतो. मी लग्न करून जिल्हा बदलला आणि ती शहाणी सवय माहेरीच राहिली.

तेराव्यानंतर पुतण्याला घेऊन बँकेत गेले. बँकेचं नाव लिहीत नाही. पेन्शन अजून तिथंच येते, रोज तोंड बघायचं आहे. काउंटरवरच्या मुलानं मृत्यूचा दाखला घेतला, खातं बंद करून टाकलं आणि म्हणाला, “कोर्टातून वारस दाखला आणा.” पासबुकावर दोघांची नावं आहेत, दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो, असं स्पष्ट छापलेलं आहे. ते दाखवलं तर म्हणाला, “पेन्शनचं खातं वेगळं असतं काकू.” तालुक्याच्या कोर्टाबाहेर वकिलानं आठ हजार आणि सहा महिने सांगितले. घरात किराण्याला अंगणवाडीचं मानधन, तेही कधी येईल तेव्हा. अर्धा स्टारही नाही.

मग पुतण्यानं स्टँडजवळच्या एका कॉम्प्युटर सेंटरला नेलं. बाहेर बोर्ड होता, ‘स्पर्शची सर्व कामे होतील’. स्पर्श म्हणजे सैनिकांच्या पेन्शनचं ऑनलाइन काम. पूर्वी पेन्शन बँकेच्या हातात असायची, आता हिशेब प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयातून होतो आणि बँक फक्त पैसे जमा करून घेते. (हे मला नंतर कळलं. बँकेतल्या मुलाला कळलं असतं तर माझे दोन आठवडे वाचले असते.) सेंटरवाल्यानं बाराशे रुपये घेतले, माझं आधार समोर ठेवलं आणि पाच मिनिटांत काहीतरी टाइप केलं. “झालं मावशी.” काही झालं नव्हतं. त्यानं पीपीओ मागितलासुद्धा नव्हता.

शेवटी गावातल्या एका निवृत्त सुभेदारांच्या बायकोनं सांगितलं, आधी सैनिक कल्याणला जा, तिथं एक रुपया लागत नाही. गेले. त्या टेबलावर कल्याण संघटक म्हणून जे बसतात ते स्वतः माजी सैनिक. मला बघून उठले. “बसा वहिनी. हवालदार साहेबांचं कळलं.” कळलं असेल की नाही देव जाणे, पण महिनाभरात पहिल्यांदा कोणी काकू, मावशी न म्हणता वहिनी म्हणालं. मग म्हणाले, “पेन नंतर. आधी पीपीओ काढा.”

मी पेटीतला अख्खा गठ्ठा आणला होता. डिस्चार्ज बुक, कॅन्टीनचं कार्ड, पॉलिक्लिनिकची, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याची कार्डं, एलआयसीच्या पावत्या, एका मेडलचा रिकामा डबा. त्यातून त्यांनी पिवळा पडलेला पीपीओ उचलला आणि चष्मा लावून पोथी वाचावी तसा मोठ्यानं वाचायला घेतला. नंबर, रँक, भरती, निवृत्ती. मी मान डोलावत होते. मग थांबले.

“पत्नी, सुनंदाबाई. वहिनी, तुम्ही सुनंदाबाई की सुनंदा?”

मी म्हटलं, “आधारवर सुनंदा.”

“आणि शाळेच्या दाखल्यावर?”

“सुमन.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला एकदम हसू आलं आणि मग थांबेचना. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं ‘सुनंदा’ लिहिलं ते ह्यांनीच. ‘काय नाव ठेवलं’ म्हणून बायका वाकून बघत होत्या. आणि सुट्टी संपवून युनिटला गेल्यावर क्लार्कला ‘सुनंदाबाई’ सांगितलं तेही ह्यांनीच. स्वतः ठेवलेलं नाव सहा आठवडे लक्षात ठेवता आलं नाही या माणसाला! बरं, जन्मतारीख मात्र तिन्ही कागदांवर एकच, १ जून १९७०. ह्यांचीही १ जून, १९६४ ची. आमच्या पिढीचा वाढदिवस गुरुजींनी ठरवलेला असल्यामुळे तिथं गडबड होत नाही.

एवढ्यासाठी मी या टेबलाला चार स्टार देते आहे. सेंटरवाल्यानं आधारवरचं नाव टाकलं आणि जुळलं नाही. बँकेनं नाव बघितलंच नाही. या माणसानं पेन उचलायच्या आधी कागद वाचला.

पुढचं काम असं झालं. पत्नीचं नाव पीपीओत असेल तर फॅमिली पेन्शनला कोर्टाचा वारस दाखला लागत नाही, हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. वकिलाचे आठ हजार तिथंच वाचले. सुमन, सुनंदा आणि सुनंदाबाई या तिन्ही मीच, असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घेतलं. त्याला दाखला, आधार, पॅन, पासबुक, मृत्यूचा दाखला आणि आमचा जॉइंट फोटो जोडून नावाच्या दुरुस्तीचा कागद बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला गेला. जॉइंट फोटो २००८ चा, पेन्शनला येताना काढलेला. हे ताठ, छाती पुढं. माझे डोळे अर्धे मिटलेले. तेव्हा मी म्हटलं होतं, दुसरा काढा. हे म्हणाले होते, सरकारला काय तुझे डोळे बघायचेत.

संघटकांनी एका गोष्टीवर मला रागावलंही, आणि तो राग बरोबर होता. पुतण्यानं ह्यांचं एटीएम कार्ड वापरून दहा हजार काढले होते. त्याचा हेतू चांगला, दहाव्याचा खर्च होता. पण ह्यांची पेन्शन १७ फेब्रुवारीपर्यंतचीच, १८ पासून फॅमिली पेन्शन. गेल्याचं कळवायला उशीर झाला की पूर्ण पेन्शन जमा होत राहते आणि ते जास्तीचे पैसे पुढं आपल्याच थकबाकीतून वळते होतात. दुसरं, ह्यांचं सिम मुलानं बंद करायला घेतलं होतं. “वहिनी, काम होईपर्यंत तो नंबर चालू ठेवा, सगळे ओटीपी तिथं येतात.” मुलगा चाकणहून फोनवर म्हणाला, आई, वडिलांच्या नंबरला रिचार्ज कशाला? मी एकशे नव्वद रुपयांचा मारला. फोन मी ह्यांच्याच शर्टाच्या खिशात ठेवायचे.

पैशाचं त्यांनी कॅलेंडरच्या फाटक्या पानामागं समजावलं. ते पान अजून माझ्याकडं आहे. साधी फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. १ जानेवारी २०१६ पासून ती महिना ९००० रुपयांच्या खाली जात नाही, वर महागाई भत्ता. पण पेन्शनर लवकर गेला तर काही वर्षं वाढीव दरानं, ५० टक्क्यांनी मिळते. त्याला मर्यादा दोन. मृत्यूनंतर सात वर्षं, नाहीतर तो माणूस ६७ चा झाला असता तो दिवस, यातलं जे आधी येईल ते. ह्यांची ६७ ची गाठ ३१ मे २०३१ ला पडते, सात वर्षं त्यानंतर. म्हणून माझा वाढीव दर मे २०३१ पर्यंत. ते म्हणाले, “आत्ताच लिहून ठेवा. जून २०३१ ला आकडा कमी दिसला की बँकेत भांडायला जाल. ती चूक नसेल.” मग हसून, “आणि ऐंशी पूर्ण झाल्या की वीस टक्के वाढ आहे, तोवर तब्येत सांभाळा.”

मी अंगणवाडीचं मानधन घेते म्हणून पेन्शन मिळणार नाही, असं आमच्या सुपरवायझर बाई मला सांगून बसल्या होत्या. त्याचा काही संबंध नाही. विधवेच्या स्वतःच्या कमाईवर फॅमिली पेन्शन अडत नाही.

आणखी एक गोष्ट लिहिते, कारण गावागावांत तीच चालते. ह्यांच्या फोटोला व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी तिरंगा लावून ‘शहीद’ लिहिलं. मग लोक येऊन सांगायला लागले, तुम्हाला पेट्रोल पंप मिळेल, जमीन मिळेल, पूर्ण पगार मिळेल. ह्यांनी चोवीस वर्षं नोकरी केली, हिमात केली, वाळवंटात केली, सुखरूप घरी आले आणि अंथरुणात गेले. युद्धात किंवा कारवाईत गेलेल्याच्या पत्नीला उदारीकृत फॅमिली पेन्शन असते, ती शेवटच्या पगाराएवढी, शंभर टक्के. नोकरीमुळं आलेल्या मृत्यूला विशेष फॅमिली पेन्शन, ६० टक्के. आणि माझ्यासारखीला साधी. तिन्ही वेगवेगळ्या आहेत. मला माझी मिळाली, दुसरीची नको. नंतर मी त्या ग्रुपवर लिहिलं की हवालदार हृदयविकारानं गेले, तिरंगा काढा. दोघं ग्रुप सोडून गेले, जाऊ देत.

एप्रिलच्या शेवटी नाव दुरुस्त झालं, मग त्याच टेबलावरून स्पर्शला मृत्यूची नोंद आणि फॅमिली पेन्शनचा अर्ज, माझा स्वतःचा मोबाईल नंबर घालून. त्या दिवशी ऐन वेळी लाइट गेली. दीड तास आम्ही पाच बायका बाकड्यावर. एकीनं शेंगदाण्याचे लाडू काढले. त्यातली एक नायक हुद्द्याच्या जवानाची बायको, वय अठ्ठावीस, कडेवर पोर. तिला मी माझं प्रतिज्ञापत्र दाखवलं. तिच्याकडंही दोन नावं निघाली.

जुलैअखेर पैसे जमा झाले, १८ फेब्रुवारीपासूनच्या थकबाकीसह आणि पुतण्याच्या दहा हजारांच्या हिशेबासकट वजावटी करून. मेसेज माझ्या फोनवर आला. दुसऱ्या दिवशी ह्यांच्या नंबरचं रिचार्ज संपलं, ते मी परत मारलं नाही.

बाकीची कामं याच टेबलावरून सुरू झाली आणि फार वेळ गेला नाही. पॉलिक्लिनिकच्या कार्डावर मी ह्यांच्यावर अवलंबून होते, आता कार्ड माझ्या नावानं. बीपीच्या गोळ्या तिथूनच घेते. कॅन्टीनचं कार्ड नवं झालं. घरपट्टीची माफी विधवेलाही आहे, एका घराची. ग्रामसेवकाला या कार्यालयाचा दाखला नेऊन दिला, त्यानं दोनदा वाचला आणि मान्य केला. ओळखपत्रावर मात्र ठळक ‘विधवा’ असं छापलेलं येतं. दुसरा शब्द सुचला नसेल. ते कार्ड मी पर्समध्ये उलटं ठेवते.

तक्रारी. एक, जिना, वर सांगितलंच. दोन, काय काय कागद आणायचे याची यादी खाली दरवाज्याशी लावा. निम्म्या बायका पहिली फेरी फुकट घालवतात. तीन, त्या संघटकांना सुट्टी असली की टेबल रिकामं. दुसऱ्या कोणाला काही माहीत नसतं. जायच्या आधी फोन करा. मंगळवारी आमच्याकडं बाजार असतो म्हणून मी दोनदा मंगळवारी गेले आणि दोन्हीदा ते दौऱ्यावर.

आणि ज्यांचे नवरे हयात आहेत त्या बायकांनी आज संध्याकाळी जेवणं झाल्यावर पेटी उघडायला लावा. आपलं नाव पीपीओत आहे का, आहे तर कुठलं आहे, बघा. चुकलं असेल तर दुरुस्ती करायला ते स्वतः बसलेले बरे. त्यांच्या सहीनं होतं ते आपल्या प्रतिज्ञापत्रापेक्षा सोपं असतं. माझ्या जावेनं परवा दिराला पेटी उघडायला लावली. तिचं नाव बरोबर निघालं, आडनाव माहेरचं.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला परत तो जिना चढले. आता अंगठा लागत नाही, फोनसमोर चेहरा धरायचा. संघटक म्हणाले, “वहिनी, डोळे मिचकवा.” मी मिचकवले. घेईना. “मोठे उघडा, मग मिटा.” तिसऱ्यांदा घेतलं. जॉइंट फोटो त्यांच्या फाईलला अजून टाचलेला होता, त्यांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि काही न बोलता पुढच्या बाईला बोलावलं.