घराचा दस्त ऑनलाइन करताना: सोलापुरातला वर्षभराचा अनुभव

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकतो. पैसे भरायची सोय एक नंबर. जुने व्यवहार शोधायची सोय कामाची, पण डोळे झाकून तिच्यावर विसंबू नका. दस्ताची माहिती घरून भरणं जमतं, फक्त निवांत वेळ हवा. नोंदणी झाल्यावर नाव लागण्याचं म्हणाल तर शेतजमिनीला एक न्याय आणि शहरातल्या घराला दुसरा.

गेल्या पावसाळ्यापासून आमच्याकडे कामं एकामागून एक निघत गेली. सोलापूर शहराच्या पूर्व भागात आमच्या कारखान्याला लागून असलेलं जुनं घर खरेदी केलं. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या जमिनीवरचा हक्क आत्याने भावांच्या नावे सोडला. शिवाय वरच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या. म्हणजे खरेदीखत, हक्कसोड आणि भाडेकरार, तिन्ही प्रकार एकाच वर्षात हातावेगळे झाले.

आधी पैशांबद्दल. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी 'ग्रास' प्रणालीतून बँकेच्या खात्यावरून थेट सरकारजमा होते. चलनावर जीआरएन क्रमांक येतो आणि दस्त नोंदवताना ते चलन तिथल्या संगणकावर 'डीफेस' करतात, की तेच चलन दुसऱ्या दस्ताला जोडता येत नाही. ज्यांनी तेलगीच्या बनावट मुद्रांकांच्या काळात मुद्रांक हातात धरून 'खरा की खोटा' अशी धाकधूक अनुभवली आहे, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. शहर हद्दीत 5 टक्के मुद्रांक शुल्क आणि वर 1 टक्का स्थानिक संस्थेचा, असे 6 टक्के होतात. नोंदणी फी 1 टक्का, पण 30,000 च्या वर नाही. राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर 2021 पासून मुद्रांकात 1 टक्का सवलत आहे. आम्ही घर सौभाग्यवतींच्या नावावर घेतलं, त्याचं खरं कारण हेच. (त्यांना मी वेगळं सांगितलंय.)

आता शोध. नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक टाकला की झालेल्या व्यवहारांची सूची क्रमांक 2, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो ती, घरबसल्या बघायला मिळते. पूर्वी यासाठी कुणाला तरी गाठावं लागायचं. मात्र मिळकतीचं वर्णन भरणाऱ्याने जसं भरलं तसंच तिथे पडून आहे. कुणी 'सि.स.नं.' लिहिलंय, कुणी 'सिटी सर्व्हे नंबर', कुणी नुसता आकडा. पोटहिस्सा कुठे '2अ' आहे, कुठे '2/अ', तर कुठे इंग्रजी ए. एका पद्धतीने शोधलं तर मिळकत धुतल्या तांदळासारखी स्वच्छ दिसते. पद्धत बदलली की जुनं गहाणखत वर येतं. आमच्या बाबतीत ते गहाण फिटलेलं निघालं, पण दिसलं ते आकडा चार तऱ्हांनी टाकल्यावर. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. नोंदणीचं संगणकीकरण 'सरिता' प्रणालीतून 2002 च्या आसपास राज्यभर झालं आणि 2012 मध्ये 'आय-सरिता' आली. त्यामागची वर्षं बघायची तर अजूनही कार्यालयातली जुनी पुस्तकं आणि ती वाचता येणारा माणूस लागतो. कर्ज देणाऱ्या बहुतेक बँका तीस वर्षांचा शोध मागतात. त्यामुळे वकिलांच्या फीमधून सुटका होईल अशा भ्रमात राहू नका.

दस्ताची माहिती घरून भरायला 'पब्लिक डेटा एंट्री' आहे. सगळं भरून झालं की एक क्रमांक मिळतो, तो घेऊन दुय्यम निबंधकांकडे जायचं. तिथला ऑपरेटर क्रमांक टाकतो आणि तुम्ही भरलेलं सगळं त्याच्या पडद्यावर उघडतं. यात वेळ वाचतो हे खरंच. पण पूर्व भागातलं घर घेताना जे झालं, ते पुण्या-मुंबईच्या मंडळींना कदाचित सुचणारही नाही.

विकणारं कुटुंब तेलुगू भाषिक. त्यांच्यात आडनाव आधी आणि नाव नंतर. मिळकत पत्रिकेवर (शहरातल्या घराचा सातबाराच म्हणा) आजोबांच्या काळातली नोंद त्याच क्रमाने. आधारवर क्रम उलटा. पत्रिकेवर 'व्यंकटेशम', आधारवर 'वेंकटेश', महापालिकेच्या कर पावतीवर 'व्यंकटेश'. कागदाच्या काळात दस्तलेखक एक 'उर्फ' टाकायचा आणि पानसुपारी खाऊन विषय मिटायचा. इथे पडद्यावर तीन चौकोन: पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. कुठल्या चौकोनात काय घालायचं यावर आमची, त्यांच्या मुलाची आणि वकिलांच्या कारकुनाची रात्री उशिरापर्यंत खल झाली. शेवटी आधारप्रमाणे नाव, पुढे उर्फ, आणि दस्तात एक वेगळा परिच्छेद की या तिन्ही नावांची व्यक्ती एकच. एवढा आटापिटा कशासाठी, तर सूचीत एकदा गेलेलं अक्षर नंतर खोडता येत नाही. पुन्हा सगळ्यांना गोळा करून चूक दुरुस्ती पत्र नोंदवावं लागतं. तोवर विकणारा हैदराबादला लेकीकडे राहायला गेला, की बसा.

नोंदणीच्या दिवशी विकणाऱ्यांच्या घरातल्या आजींची सही नव्हे, अंगठा. नोंदणी कायद्याच्या कलम 32अ प्रमाणे फोटो आणि बोटांचे ठसे घ्यावेच लागतात. आजींनी उभा जन्म विड्या वळल्या. तंबाखू, पान, दोरा, पुन्हा पान, असं करत बोटांची टोकं काचेसारखी गुळगुळीत झालेली. यंत्रावर अंगठा ठेवला की पडद्यावर नुसता करडा डाग. ऑपरेटर पोरगा सभ्य होता. "जरा दाबून धरा की ओ आजी," म्हणत त्याने काच पुसली, आजींची बोटं ओल्या रुमालाने पुसली, मग डोक्याला अंगठा चोळायला लावला. त्या म्हणाल्या, "अरे बाळा, होतं ते सगळं विडीत गेलं की." बऱ्याच खटपटीनंतर कसाबसा एक ठसा घेण्यासारखा आला. मागे रांग चुळबुळत होती.

तिथे समोर माणूस तरी होता. भाडेकराराची नोंदणी पूर्णपणे ऑनलाइन होते, कार्यालयात पाऊलही ठेवावं लागत नाही, फक्त दोन्ही बाजूंचा अंगठा आधारशी जुळला पाहिजे. आमचा भाडेकरू बँकेत कामाला, त्यामुळे एजंट घरी यंत्र घेऊन आला आणि चहा निवायच्या आत काम उरकलं. पण हाच करार अशोक चौकापलीकडच्या एखाद्या विडी कामगार बाईला करायचा असेल तर? घरबसल्याची सोय नेमकी तिलाच महाग पडणार. सोलापुरात असे हात किती घरांत आहेत, हे यंत्र बसवणाऱ्यांनी एकदा बघून जावं.

दस्त हातात मिळण्याबद्दल मात्र तक्रार शून्य. वडील सांगायचे, पूर्वी नोंदलेला दस्त फोटो काढायला पुण्याला जायचा आणि परत येईपर्यंत माणूस पावती जपत बसायचा. आता स्कॅन होऊन मूळ दस्त लगेच परत.

पुढचा टप्पा म्हणजे नाव लागणं. आत्याच्या हक्कसोडपत्राचा अनुभव फारच छान. दस्त नोंदला गेला आणि माहिती ई-फेरफारमधून आपोआप महसूलकडे गेली. तलाठ्यांनी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) फेरफार धरला, संबंधितांना नोटिसा निघाल्या, हरकतीसाठीचे पंधरा दिवस सरले आणि मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. मधल्या काळात 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर फेरफार कुठल्या पायरीवर आहे ते दिसत होतं. मग 15 रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला. भूलेखवर फुकट दिसणारा सातबारा फक्त बघण्यापुरता असतो. बँकेत सहीवालाच द्या.

पूर्व भागातल्या घराचं गाडं मात्र अडखळत चाललं. तिथे सातबारा नाही, मिळकत पत्रिका आहे, आणि काम भूमी अभिलेखकडे. एका टेबलावर मला सांगण्यात आलं की दस्त ऑनलाइन दिसतोय, तरी इंडेक्स टूची प्रिंट जोडा. जोडली. मग आधीच्या पिढीची वारस नोंद पत्रिकेवर अर्धवट असल्याचं निघालं. ती पुरी झाल्याशिवाय आमचं नाव पुढे सरकेना. यात संगणकाचा काही दोष नाही. जुन्या कागदात जी भोकं होती ती स्कॅन झाल्यावर भोकंच राहणार. पण विकत घेणाऱ्याला हे आधी कळायला हवं, म्हणून सांगतो: शहरातलं जुनं घर घेत असाल तर इसार देण्याआधी मिळकत पत्रिका काढा आणि तिच्यावरचं शेवटचं नाव समोर बसलेल्या माणसाचंच आहे का ते बघा. नसेल तर वारस नोंद आधी त्यांना करू द्या. दस्तावर सह्या झाल्या की नोंदणीसाठी चार महिन्यांची मुदत चालू होते, तेव्हा सह्यांची घाई नको.

गुण द्यायचे तर चलन पाचपैकी पाच, सातबारा साडेचार, शोध तीन, नावं भरायचे चौकोन दोन. मिळकत पत्रिकेवर सौभाग्यवतींचं नाव आत्ता कुठे लागलं. महापालिकेची कर आकारणी आणि विजेचं मीटर यांचे अर्ज वेगळे करावे लागतात, ती नावं दस्ताबरोबर आपोआप बदलत नाहीत. मीटरचं काम झालं. कराचं बिल या वेळीही व्यंकटेशच्याच नावाने आलं, ते भरून टाकलं आणि पावती अर्जाला जोडली.