अमेरिकेचं लायसन्स आणि भारतात कमी पडलेले ४७ तास

"काका, निर्धास्त राहा. आयकाओचं लायसन्स आहे, १९३ देशांत चालतं. मुलगी परत आली की फाइल आम्ही दिल्लीतून काढून देतो." मला पायलटचं लायसन्स काढायला अमेरिकेला पाठवणाऱ्या एजंटचं हे वाक्य बाबांनी इतक्यांदा ऐकलं, की पुढे तेच नातेवाइकांना ऐकवू लागले.

आयकाओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, कुणालाच लायसन्स देत नाही. विमान ज्या देशात नोंदलेलं, त्या देशाने दिलेलं किंवा मान्य केलेलं लायसन्स लागतं. १९४४च्या शिकागो करारापासून हेच चालत आलंय. अमेरिकेच्या विमानांचा नोंदणी क्रमांक 'एन'ने सुरू होतो, आपल्या 'व्हीटी'ने. माझं एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमान नियामकाचं, कार्ड 'एन'साठी. इथे डीजीसीएचा, म्हणजे आपल्या नियामकाचा, सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) हवा. हे मला कळलं ५२ लाख घालवून, फ्लोरिडात चौदा महिने काढून आल्यावर.

तरी कागद बदलून मिळतो, म्हणून धीर होता. तो लॉगबुकने, म्हणजे उड्डाणाच्या तासांच्या वहीने, घालवला. डीजीसीएला एकूण २०० तास लागतात, त्यातले १०० पीआयसी, म्हणजे विमान तुमच्या जबाबदारीवर. माझे एकूण २५२, पीआयसी १४८. "बघा काका, ४८ जास्तच!" असं एजंट म्हणाला होता. कन्व्हर्जनच्या क्लासमधल्या सरांनी तीच वही उघडली आणि पेन्सिल एका ओळीवर टेकवली. 'ड्युअल'च्या, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबतच्या तासांच्या, रकान्यात १.६. त्याच ओळीत पीआयसीच्या रकान्यातही १.६.

"शेजारी इन्स्ट्रक्टर होता ना?"

होता. अमेरिकेत प्रायव्हेट लायसन्स झालं, की शेजारी इन्स्ट्रक्टर असला तरी कंट्रोल तुमच्या हातात असलेला वेळ पीआयसी म्हणून लिहिता येतो. लबाडी नाही, तिथला नियमच तसा. इथे ते फक्त ड्युअल. सर एकेक ओळ खोडत गेले, ६१ तास गेले. मग सेफ्टी पायलटचे. खर्च वाचवायला आम्ही दोघी मिळून उडायचो. फक्त उपकरणं बघून उडवण्याच्या सरावासाठी एकीच्या डोळ्यांवर झापड, सेफ्टी पायलट म्हणून दुसरीची बाहेर नजर, आणि पीआयसी दोघींच्या वहीत. तेही ३४ गेले. उरले ५३. सर काही बोलले नाहीत, पेन्सिलीला टोक करत बसले.

आता ती 'फाइल', म्हणजे इथल्या लायसन्सचा अर्ज. तिचे १ लाख ८० हजार एजंटने आगाऊ घेतले होते. चार महिने "साहेबांच्या टेबलावर आहे" चाललं. शेवटी मीच डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर लॉगिन केलं. अर्जच नव्हता! असणार कसा? रेग्युलेशन्सचा पेपर, नेव्हिगेशन-मिटिऑरॉलॉजीचा पेपर, दोन्हींत ७० टक्के हवेत, आणि मी एकही दिला नव्हता. ते कुणी दिल्लीतून काढून देत नाही. पावतीवर 'सल्ला शुल्क' लिहिलेलं. वकील ती बघून नुसते हसले.

जाणार असाल, तर शंभर तास डीजीसीएच्या हिशेबाने, इन्स्ट्रक्टर शेजारी नसताना मिळतील, हे शाळेकडून ईमेलवर लिहून घ्या. लॉगबुकात त्याचा वेगळा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा. 'फाइल'साठी आगाऊ पैसे मागणाऱ्याला विचारा, अर्ज कुणाच्या लॉगिनमधून जाणार? माझ्याच लॉगिनमधून जायचा होता.

उरलेले ४७ तास आता इथे स्टुडंट लायसन्स काढून उडतेय, तासाला १५ हजारांनी. १९ झालेत. परवा एजंटच्या स्टेटसला नवी बॅच दिसली. विमानतळावर सात मुलं, गळ्यात हार, आणि मागे पेढ्यांचा बॉक्स धरून उभे असलेले कुणाचे तरी बाबा.