अ‍ॅब्लेशननंतरचे महिने: मला आलेला अनुभव

एट्रियल फिब्रिलेशनसाठी, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित पडण्याच्या आजारासाठी, कॅथेटर अ‍ॅब्लेशन (बारीक नळी हृदयात नेऊन बिघाडाची जागा डागणं) करून घेतल्याला आता वर्ष होत आलं. करावं की नाही अशा विचारात जे आहेत, त्यांना एकच गोष्ट कळकळीने सांगते: पहिल्या तीन महिन्यांवरून निकाल ठरवू नका.

प्रत्यक्ष प्रक्रिया भुलीत होऊन जाते. जांघेतल्या शिरेतून कॅथेटर हृदयात नेतात आणि मधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडून डाव्या वरच्या कप्प्यात शिरतात. फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरा तिथे उघडतात. बिघाड सुरू करणारे ठोके बहुतेक वेळा या शिरांमधूनच निघतात, हे बोर्दोच्या मिशेल ऐसागेर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवलं. म्हणून शिरांच्या तोंडाभोवती डागून वणांचं कडं करतात. माझ्या वेळी उष्णता वापरली. नंतर पाय न हलवता तासन् तास उताणं पडून राहणं मला सगळ्यात जड गेलं. जांघेतला काळानिळा डाग मांडीवर उतरला, पिवळा पडला आणि गेला.

खरी परीक्षा घरी आल्यावर. दुसऱ्याच आठवड्यात एका संध्याकाळी नाडी पुन्हा वेडीवाकडी धावू लागली. मनगटावर बोटं ठेवून बसले होते: दोन ठोके, मोठी पोकळी, मग पाच-सहा एकदम. सगळं फुकट गेलं असं वाटून रडू आलं. डॉक्टरांनी समजावलं, की डागलेल्या जागी सूज असते, वण पक्का व्हायला वेळ लागतो, त्यामुळे या काळातल्या झटक्यांना लगेच अपयश म्हणत नाहीत. त्यांना कळवायचं मात्र नक्की. शांत बसल्यावरची नाडीही आधीपेक्षा जलद झाली होती. ती गती मंद ठेवणारे मज्जातंतूही तिथेच असतात आणि डागताना तेही दुखावतात.

अन्ननलिका त्या कप्प्याला मागून अगदी लागून असते. डागताना तिलाही इजा होऊ शकते, म्हणून काही आठवडे आम्लपित्ताची गोळी होती. महिन्याभराने जरी ताप, गिळताना दुखणं, छातीत कळ किंवा बोलण्यात अडखळणं आलं, तर थेट इस्पितळ गाठा आणि घशातून दुर्बीण घालू देण्याआधी अ‍ॅब्लेशन झाल्याचं सांगा. अन्ननलिका आणि हृदय यांच्यात भोक पडण्याची ही गुंतागुंत फार क्वचित होते, पण जिवावर बेतते.

रक्त पातळ ठेवणारी गोळी किमान दोन-तीन महिने सगळ्यांनाच घ्यावी लागते. माझी अजून चालू आहे. पक्षाघाताचा धोका वय, रक्तदाब, मधुमेह यांवरून मोजतात. धडधड थांबली म्हणून तो संपत नाही. बरं वाटतंय म्हणून ही गोळी स्वतःहून बंद करणारे पाहिले की जीव कासावीस होतो.

आता होल्टर, म्हणजे अंगावर यंत्र लावून दिवसभर केलेली ठोक्यांची नोंद, स्वच्छ आला आहे. अधूनमधून एखादा जादा ठोका जाणवतो, तेवढंच. जिन्यात मध्येच थांबावं लागत नाही. घोरण्याची तपासणीही करून घेतली, कारण झोपेत श्वास अडकत असेल तर हा आजार परतण्याची शक्यता वाढते. कड्यात कुठे फट राहिली तर काहींना दुसऱ्यांदा अ‍ॅब्लेशन लागतं. माझ्यावर ती वेळ आली तर मी पुन्हा करून घेईन.