एरर नाण्याची पारख: भिंग घ्यावं की डिजिटल मायक्रोस्कोप?

ऑफ-सेंटर (छाप मध्यावरून सरकलेली), क्लिप (चकती कापतानाच कडेचा तुकडा गेलेला), डाय क्रॅक (नाण्यावर छाप उठवणाऱ्या ठशाला, म्हणजे डायला, गेलेला तडा), ब्रॉकेज (उलटी छाप) हे शब्द ज्यांच्या रोजच्या बोलण्यात आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. टांकसाळीत झालेली चूक, म्हणजे एरर, कोणती आणि नंतर कुणीतरी हाणलेला, कापलेला, घासलेला माल कोणता, हे ओळखायला पैसे घालायचेच असतील तर आधी कशात घालावेत? साधं १० पट भिंग, की लॅपटॉपला जोडायचा मायक्रोस्कोप? माझ्याकडे दोन्ही आहेत.

मायक्रोस्कोपची बाजू लंगडी नाही. डबलिंग, म्हणजे अक्षरं दुहेरी उमटणं, तपासायचं असेल तर तो सरस आहे. ढिला डाय छाप बसता बसता सरकला की अक्षराची कड चेपून तिथे सपाट पायरी तयार होते. संग्राहक तिला वेगळा भाव देत नाहीत. डायवरच दुहेरी ठसा उमटला असेल तर दोन्ही आकृत्यांना उठाव असतो आणि अक्षराच्या टोकाशी खाच दिसते. हा फरक पडद्यावर छान उलगडतो, फोटो काढून जाणकार मित्राला पाठवता येतो आणि चष्मेवाल्यांचा डोळ्यांवरचा ताणही वाचतो.

तरी माझं मन त्यावर बसलं नाही, ते प्रकाशामुळे. या मायक्रोस्कोपच्या तोंडाभोवती दिव्यांची गोल माळ असते. उजेड चहूबाजूंनी पडतो आणि सावली उरतच नाही. एरर नाण्याची निम्मी पारख तर सावलीवरच चालते. डायला तडा गेला की धातू त्या तड्यात शिरतो, म्हणून नाण्यावर रेघ उंचावलेली येते. ओरखडा मात्र आत रुतलेला असतो. १९९२ नंतरचा २५ मिमीचा स्टीलचा रुपया घ्या. सिंहांच्या बाजूने कडेपर्यंत गेलेली बारीक रेघ पडद्यावर एकदा उठावाची वाटते, नाणं फिरवलं की तीच खोल वाटते. दिवे मंद करून बाजूने टेबललॅम्प लावला तर थोडं जमतं, पण नाणं जरा तिरकं केलं की फोकस जातो. दर वेळी ती चाकं फिरवत बसायचा मला खरोखर वैताग येतो.

भिंगाखाली हेच काम पटकन होतं. खिडकीशी उभं राहायचं, उजेड डावीकडून घ्यायचा, भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि नाणं सुमारे इंचभर अंतरावर आणायचं. आता रेघेशेजारचं एखादं अक्षर बघा. अक्षर उठावाचं असल्यामुळे त्याची डावी कड चमकते आणि उजवीकडे सावली पडते. रेघही तशीच वागली तर ती उठावाची, म्हणजे डाय क्रॅक असण्याची शक्यता दाट. चमक आणि सावली उलट पडली तर तो ओरखडा. बोटांनी नाणं हलवत राहिलं की हा खेळ आणखी स्पष्ट होतो.

दुसरं म्हणजे मायक्रोस्कोप एका वेळी नाण्याचा लहानसा तुकडा दाखवतो. एरर ओळखायचा तर अख्खं नाणं वाचावं लागतं. गोल क्लिप खरी असेल तर तिच्या बरोबर समोरची कड बहुतेक वेळा बसकी, अर्धवट भरलेली असते आणि क्लिपजवळची अक्षरं कडेकडे ओढल्यासारखी होतात. कानशीने कापलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते. ब्रॉकेजचं, म्हणजे बाजारातल्या 'लखी'चंही तसंच. आधीचं नाणं डायला चिकटून राहिल्यामुळे पुढच्यावर उलटी, आत गेलेली छाप येते, पण दुसरी बाजू नेहमीसारखी ठसठशीत असते. व्हाइसमध्ये दोन नाणी दाबून केलेल्या नकलेत दुसरी बाजू चेपलेली सापडते. भिंग डोळ्याशी ठेवून नाणं नुसतं पालथं करायचं.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी पथारीसमोर उकिडवं बसून कुणी लॅपटॉप उघडत नाही. भिंग खिशातून निघतं. विकणाराही ते बघून जरा सावरून भाव सांगतो, असा माझा तरी अनुभव आहे.

वजनकाटा हवाच, पण त्याच्याकडून सगळ्या उत्तरांची अपेक्षा नको. हा स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅमचा, दहाचं दोन धातूंचं नाणं सुमारे ७.७ ग्रॅमचं. ऑफ-सेंटर नाण्यात धातू जागेवरून सरकतो, कमी होत नाही, त्यामुळे वजन पुरेपूर भरायला हवं. ॲसिडमध्ये बुडवून बारीक केलेलं नाणं काट्यावर लगेच उघडं पडतं. क्लिप खरी असो वा कानशीची, वजन दोन्हीकडे घटतंच, तिथे पुन्हा भिंगच काढावं लागतं.

तुमचा सगळा ओढा डबलिंगकडे असेल, किंवा घरबसल्या फोटो दाखवून विक्री करायची असेल, तर मायक्रोस्कोप आधी घेतलात तरी माझी हरकत नाही. इतरांनी भिंगापासून सुरुवात करावी, असं मला वाटतं. फक्त '४० पट' लिहिलेल्या स्वस्त भिंगांच्या नादी लागू नका. ती बहुधा तेवढं मोठं दाखवतही नाहीत आणि कडेला आकृती वाकडी करतात. तीन काचा जोडलेलं, धातूच्या चौकटीत मिटणारं १० पट भिंग घ्या, आणि ज्या प्रकारचं नाणं बघायला निघालात त्याच प्रकारचं एक बिनचूक नाणं तुलनेसाठी सोबत ठेवा.