नवी पेठेतल्या काकांनी माझा घरी बनवलेला कॉम्प्रेसर लाईनीवर आणला

सोलापुरात कोणी घरी ऑडिओचं मशीन बनवलं असेल आणि ते कॅलिब्रेट होत नसेल तर पुण्याला पाठवायच्या आधी नवी पेठेत गल्लीत आत एक ॲम्प्लिफायर रिपेअरचं छोटं दुकान आहे तिथं जाऊन या. बोर्ड दिसत नाही, बाहेर स्पीकरचे रिकामे खोके रचलेले असतात तेच.

मी ११७६ टाईपचा कॉम्प्रेसर (रेकॉर्डिंगमधला एकदम वाढलेला आवाज दाबून सारखा करणारं मशीन) बनवला होता, अमेरिकन साऊंड इंजिनिअर बिल पुटनमचं १९६७ सालचं डिझाईन. भजनाचं रेकॉर्डिंग करतो, पखवाजाची थाप एकदम उसळते, म्हणून २० मायक्रोसेकंदात पकडणारा अटॅक (आवाज दाबायला सुरुवात करायचा वेग) पाहिजे होता. बनला पण सिग्नल नसताना सुद्धा मशीनवरच्या मीटरची सुई ३ डीबी खाली, आणि जरा लेव्हल दिली की आवाज फाटायचा. दोन आठवडे क्यू बायसचा ट्रिमपॉट (आतला ट्रान्झिस्टर कुठे चालू व्हायला लागतो ते ठरवणारा छोटा स्क्रू) फिरवून झाला, काही फरक नाही.

काकांनी मशीन उघडायच्या आधी विचारलं, "मोजलं कशानं ओ?" मी मल्टीमीटर दाखवला. त्यांनी १ किलोहर्ट्झचा टोन सोडला, एका बाजूला स्कोप (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) आणि एका बाजूला माझा मल्टीमीटर, आणि मल्टीमीटर बराच कमी दाखवत होता. स्वस्त मीटर एसी व्होल्ट साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच नीट मोजतात, घरातल्या ५० हर्ट्झच्या लाईटसाठी बनवलेत ते. म्हणजे मी १.२३ व्होल्ट (तेच आपलं +४, स्टुडिओतल्या मशीनची नेहमीची लेव्हल) आणायला लेव्हल वाढवत गेलो आणि खरं तर एफईटीला (आवाज दाबणारा तो ट्रान्झिस्टर) गरजेपेक्षा लई जास्त सिग्नल जात होता, फाटणारच ना.

मग अर्धा तास मशीन झाकण लावून नुसतं चालू ठेवलं, गरम होऊ दिलं. कॉम्प्रेशन बंद करून क्यू बायस आउटपुट जास्तीत जास्त येईल त्या टोकाला नेला, आउटपुट १.३८ व्होल्टवर लावलं आणि मग ट्रिमपॉट हळूहळू उलटा फिरवत १.२३ वर आणून सोडला, म्हणजे बरोबर १ डीबी खाली. एवढंच. एफईटी तिथं नुकता चालू व्हायला लागतो. हे मी वाचलेलं होतं पण थंड मशीनवर आणि चुकीच्या मीटरवर करत होतो.

मशीनवरची सुई तरी ऐकेना. शून्यावर आली पण खरं कॉम्प्रेशन १० डीबी असताना ६ दाखवायची. मीटरच्या सर्किटमधला एफईटी आणि आवाजाच्या वाटेवरचा एफईटी यांची जोडी जुळलेली लागते, आणि मी एकाच पाकिटातले दोन लावले होते, नंबर एकच म्हणून. त्या एफईटीचा, म्हणजे २एन५४५७ चा, कटऑफ (ज्या व्होल्टला तो पूर्ण बंद होतो) डेटाशीटमध्येच ०.५ पासून ६ व्होल्टपर्यंत दिलाय! काकांनी डबा काढला, वीसेक नग मला स्वतः मोजायला लावले आणि जवळजवळ सारखे दोन निघाले ते लावून दिले. परत सगळं पहिल्यापासून. आता १० ला १०.

साडेतीनशे रुपये आणि पार्टचे वेगळे. माझ्या मते हे खूप कमी आहे, कारण पूर्ण दुपार त्यांनी मला शेजारी स्टूलवर बसवून प्रत्येक स्टेप दाखवली, मशीन आत नेऊन ठेवलं नाही.

तक्रार एकच, रीडिंग कागदावर लिहून देत नाहीत, तुम्हीच वही न्या. फोन उचलत नाहीत. गणपती आणि गड्ड्याच्या यात्रेच्या (सिद्धेश्वराची जानेवारीतली) दिवसांत जाऊ नका, साऊंडवाल्यांचे ॲम्प दारापर्यंत लागलेले असतात.

निघताना म्हणाले, आत्ता थंडी आहे, उन्हाळ्यात आपल्याकडे ४२-४३ डिग्रीला बायस सरकतो, मे महिन्यात एकदा घेऊन या, फुकट बघतो.