हृदय शिकायचं असेल तर मंगळवार पेठेतल्या या मटणाच्या दुकानात जा

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात असलेल्या आणि थोरॅक्सच्या व्हायवाची (छातीच्या भागाच्या तोंडी परीक्षेची) धास्ती घेतलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. मी आता तिसऱ्या वर्षाला आहे. दुकानाचं नाव लिहू का, असं दुकानदार मामांना विचारलं तर म्हणाले, "नाव नको, पोरं आली की ओळखतो मी." म्हणून नाव लिहीत नाही. कोल्हापुरात मंगळवार पेठेत कुणालाही विचारा, "डॉक्टरांच्या पोरांना दिल देणारे मामा कुठं बसतात?" बरोबर पोचवतील.

आधी एक शब्द नीट लक्षात ठेवा. दुकानात जाऊन "काळीज द्या" म्हणालात तर लिव्हर मिळेल. आपण बोलताना काळीज तुटतं, काळजात धस्स होतं, ते सगळं हृदयाचं. पण खाटकाच्या ओट्यावर काळीज म्हणजे कलेजी. हृदयाला तिथं 'दिल' म्हणतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाव किलो काळीज घेऊन हॉस्टेलवर आले होते.

दुसऱ्या वेळी एका वेगळ्या दुकानातून दिल आणलं, तर ते मधोमध चिरलेलं. आतलं गोठलेलं रक्त धुऊन काढायला बहुतेक खाटीक तसंच करतात, खाणाऱ्याला तेच हवं असतं. शिवाय वरच्या रक्तवाहिन्या मुळापासून साफ. असं दिल शिकायला काही कामाचं नाही. महारोहिणी (हृदयातून अंगभर रक्त नेणारी मोठी नळी) कुठली, फुप्फुसाकडे जाणारी कुठली, काही कळत नाही.

मामांकडे गेल्यावर पहिला फरक इथंच दिसला. मी अडखळत काय हवंय ते सांगितलं. त्यांनी सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि विचारलं, "नळ्या किती लांब ठेवू?" बोटभर, म्हटलं. फुप्फुसं, दिल, कलेजी असं सगळं एकत्र टांगलेलं होतं, त्यातून त्यांनी दिल असं सोडवलं की वरच्या चारही बाजूंच्या वाहिन्या शाबूत. काट्यावर सव्वाशे ग्रॅम भरलं. माणसाचं साधारण 250 ते 350 ग्रॅमचं असतं. 40 रुपये घेतले, पुढच्या वेळेपासून 30.

आमच्या घरी आजोबा माळकरी आहेत, घरात मटण शिजत नाही. ते दिल हातात आलं तेव्हा अजून कोमट होतं. मी दोन मिनिटं नुसती धरून उभी राहिले. मामा काही बोलले नाहीत, पुढच्या गिऱ्हाइकाला थांबवून ठेवलं.

कॅडाव्हरवर, म्हणजे मृतदेहावर, आपण शिकतोच, आणि ज्यांनी देहदान केलं त्यांचे उपकार कधी फिटायचे नाहीत. पण फॉर्मॅलिनमध्ये (देह टिकवायच्या द्रावणात) राहिलेलं हृदय ताठ होतं. झडपा कडक होतात, मिटत नाहीत. ताज्या हृदयाची झडप मिटताना दिसते, आणि मला हृदय कळलं ते त्या क्षणी. तेच जरा सविस्तर सांगते.

महारोहिणीची नळी वर धरा आणि नळाचं पाणी बारीक धारेनं तिच्यात सोडा. आत तीन छोटे पदर आहेत, सदऱ्याच्या खिशासारखे. पाणी वरून आलं की तिन्ही खिसे फुगतात, एकमेकांना टेकतात आणि पाणी वरच तुंबून राहतं. खाली डाव्या कप्प्यात थेंबही जात नाही. आपण स्टेथोस्कोपनं दुसरा आवाज ऐकतो तो या बंद होण्याचा, जोडीला फुप्फुस रोहिणीची झडप. आता वरून त्या पाण्यात वाकून बघा. खिशांच्या मागे भिंतीत दोन बारीक भोकं दिसतील. त्यात उदबत्तीची काडी हलकेच सरकवा. काडी बाहेरच्या चरबीखाली शिरते. हीच कॉरोनरी. हृदय स्वतःसाठी रक्त घेतं ते इथून.

मग विचार करा. डावा कप्पा आवळला जातो तेव्हा त्याच्या भिंतीतल्या वाहिन्याही दाबल्या जातात. म्हणून डाव्या बाजूला बहुतेक रक्त हृदय सैल पडतं तेव्हा, म्हणजे डायास्टोलमध्ये मिळतं. ठोके वाढले की आकसण्याचा वेळ फारसा कमी होत नाही, सैल पडण्याचा होतो. काम वाढलेलं आणि जेवायला वेळ कमी. अँजायनाच्या (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याच्या) पेशंटला ठोके कमी करणारी बीटा ब्लॉकरची गोळी का देतात, हे मी एका ओळीत पाठ केलं होतं. उदबत्तीच्या काडीनं ते समजलं.

कापताना 22 नंबरचं ब्लेड आणि 4 नंबरचं हँडल घ्या. अंगठ्यानं दाबून बघा, जी बाजू टणक ती डावी. उजव्या कप्प्याची भिंत मऊ आणि पातळ, डाव्याची जवळपास तिप्पट जाड. उजव्याला शेजारच्या फुप्फुसात रक्त ढकलायचं, तिथला वरचा दाब 25च्या आसपास. डाव्याला पार पायाच्या अंगठ्यापर्यंत, 120नं. दर ठोक्याला साधारण 70 मिली, म्हणजे टपरीवरचा कटिंगचा ग्लास. मिनिटाला 72 ठोके धरले तर पाच लिटर, अंगातलं जवळजवळ सगळं रक्त. 1628 मध्ये विल्यम हार्वेनं असाच हिशेब मांडून दाखवलं की एवढं रक्त खाल्लेल्या अन्नातून दर घडीला नव्यानं तयार होणं शक्यच नाही, तेच फिरत असलं पाहिजे.

उजवा कप्पा उघडलात की आत एक आडवी दोरी दिसेल, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ताणलेली. हा मॉडरेटर बँड. बकऱ्यात तो फार छान दिसतो. उजव्या बंडलच्या, म्हणजे उजव्या कप्प्याला आकसायचा इशारा नेणाऱ्या, विजेच्या तारा यातून जातात. डावीकडे वरच्या आणि खालच्या कप्प्यामधल्या मायट्रल झडपेचे दोन पडदे, त्यांना पॅराशूटसारख्या पांढऱ्या दोऱ्या आणि त्या धरून ठेवणारे दोन मांसल खांब. एक दोरी बोटानं ओढा, पडद्याची कड हलते. हार्ट अटॅकनंतर यातला मागचा खांब जास्त करून तुटतो, कारण त्याला बहुधा एकाच वाहिनीचं रक्त असतं. तो तुटला की पडदा उलटा फडफडतो आणि पेशंटची फुप्फुसं काही तासांत पाण्यानं भरतात.

मायट्रलच्या तोंडातून बोट घालून बघाच. माणसात तिथून दोन बोटं सहज जातात, 4 ते 6 चौरस सेंटिमीटर. लहानपणी घसा दुखला, तो स्ट्रेप्टोकॉकस जंतूचा होता, कुणी लक्ष दिलं नाही, मग सांधे सुजले आणि पुढे वर्षानुवर्षं ही झडप कडेकडेनं चिकटत गेली, असे पेशंट आपल्याकडे अजून येतात. वॉर्डात अशा एका बाईंना डाव्या कुशीवर वळवून स्टेथोस्कोपची बेल टेकवली तेव्हा तो गडगडाट ऐकू आला. घशाच्या वेळी मिळालेलं पेनिसिलीन हे टाळू शकतं. हे फक्त परीक्षेपुरतं लक्षात ठेवू नका.

आता एक सावधगिरी. बकरं म्हणजे माणूस नव्हे. बकऱ्याच्या महारोहिणीच्या कमानीतून एकच मोठी फांदी निघते, आपल्याकडे तीन. आणि मागच्या खाचेतली कॉरोनरी बकऱ्यात डावीकडून येते, बहुतेक माणसांत उजवीकडून. मी व्हायवात 'डावीकडून' असं ठामपणे सांगितलं आणि गुण गेले. याच कारणानं माणसात उजवी वाहिनी बंद पडली की बऱ्याचदा खालच्या भिंतीचा अटॅक येतो आणि इसीजीत दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये दिसतो. पुस्तक शेजारी उघडं ठेवूनच कापा.

हातमोजे घाला. आणि काम झालं की तुकडे गल्लीतल्या कुत्र्यांना टाकू नका, कच्च्या कलेजी-फुप्फुसांतूनच हायडॅटिडचं (कुत्र्यातल्या फीतकृमीमुळे माणसात गाठी होणाऱ्या रोगाचं) चक्र चालू राहतं. मी पिशवीत बांधून मामांनाच परत देते, त्यांच्याकडे कचऱ्याची वेगळी सोय आहे.

दुकान स्वच्छ आहे, ओटा दर गिऱ्हाइकानंतर धुतात. पैसे फोनवरून चालतात. गाडी लावायला जागा नाही, चालत जा. रविवारी अजिबात जाऊ नका. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी सकाळी सातपासून रांग असते, मामांना मान वर करायला वेळ नसतो. बुधवारी किंवा शुक्रवारी आठच्या आत जा, आदल्या दिवशी सांगून ठेवा.

एवढं सगळं लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. गेल्या महिन्यात कापलेलं दिल परत द्यायला गेले तर मामा म्हणाले, "दाखव की मला पण, एवढी वर्षं विकतोय." ओट्यावरच कागद पसरून त्यांना ती काडी घालून दाखवली. बराच वेळ बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "जोतिबाच्या पायऱ्या चढताना छातीवर पाटा ठेवल्यागत होतंय. थांबलं की दोन मिनिटात जातंय. गॅस आसंल म्हणून सोडा पितो." चोपन्न वर्षांचे आहेत, साखर आहे, तंबाखू आहे.

चढताना दुखणं आणि थांबल्यावर जाणं, हे आपल्या पुस्तकातलं पहिलं वाक्य आहे. मी त्यांना तेवढंच सांगितलं की ही नळी आतून सत्तर टक्क्यांच्या आसपास बुजली की बसल्याजागी पुरतं, चढताना कमी पडतं. त्यांनी नंतर जवळच इसीजी काढून घेतला, नॉर्मल आला, आणि खूश होऊन मला फोटो पाठवला. मला मात्र झोप लागली नाही. आराम करताना काढलेला इसीजी अशा माणसाचा नॉर्मल येऊ शकतो. दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा समजावलं. बसल्याबसल्या दुखलं, घाम फुटला, दुखणं थांबेना, तर सोडा नाही, 108ला फोन. मुलाच्या मोबाइलमध्ये तो नंबर सगळ्यात वर ठेवायला लावला.

सोमवारी दुकान बंद असतं. या सोमवारी नऊ वाजता मामा सीपीआर रुग्णालयाच्या दारात मला भेटणार आहेत, मेडिसिनच्या ओपीडीला. जुने साखरेचे रिपोर्ट घेऊन यायला सांगितलंय.