घरी ठेवायचं की हॉस्पिसमध्ये न्यायचं?

"आता घरी न्या, सेवा करा." डॉक्टर एवढं बोलून मोकळे होतात आणि खरी चर्चा घरी सुरू होते. एकाला अजून एका डॉक्टरचं मत घ्यायचं असतं, दुसऱ्याला पेशंट मुंबईला न्यायचा असतो, आणि घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, त्याला त्याच्या घरात, आपल्या माणसांत जाऊ द्या. त्या चर्चेत बसलेल्यांसाठी हे लिहितोय. आजार आता बरा होणार नाही, हे मनाशी पक्कं झालंय असं धरून चालतो.

आमच्या घरी हा प्रश्न वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या वेळी आला. गालाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आणि पुन्हा उलटला. आधी त्यांना घरी ठेवलं आणि नंतर पुण्यात वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्रात, म्हणजे हॉस्पिसमध्ये नेलं. आजार बरा करण्यापेक्षा पेशंटचं दुखणं आणि त्रास कमी करण्यावर जिथं भर असतो ती ही जागा; अशा सेवेलाच पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. दोन्हीकडे त्यांच्या उशाशी बसलोय, त्या अनुभवावरून बोलतोय. तुमचा पेशंट वेगळा, घर वेगळं, त्यामुळे निष्कर्षही वेगळा निघू शकतो.

मोठ्या रुग्णालयाबद्दल थोडक्यात सांगतो. अचानक रक्तस्राव झाला, हाड मोडलं, तर तिथंच जावं लागतं. हाडांत पसरलेल्या कॅन्सरच्या दुखण्यावर रेडिएशनचा एकच डोससुद्धा बराच आराम देऊ शकतो, त्यासाठीही जरूर जा. पण शेवटचे दिवस आयसीयूत काढायचे का, हे घरच्यांनी आधीच बोलून ठेवावं. तिथं भेटायची वेळ ठरलेली असते आणि एकदा व्हेंटिलेटर लागला की तो काढायचा निर्णय फार अवघड होऊन बसतो. बरं होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटरसारखे उपचार नकोत, ही आपली इच्छा आधी लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जावं लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घेता येतं. पेशंट बोलता-चालता आहे तोवर हे करून घ्या.

खरी निवड उरते ती घर आणि हॉस्पिस या दोघांत.

घराची बाजू भक्कम आहे. आपली खाट, खिडकीतून दिसणारं आपलं अंगण, संध्याकाळी देवापाशी लागलेला दिवा, शाळेतून आलेली नातवंडं. अण्णांना आईच्या हातची पातळ पेज लागायची, आणि ती कुठल्याही संस्थेत तशी मिळाली नसती. शिवाय घरी येणारी पॅलिएटिव्ह टीम मिळाली तर काम बरंच सोपं होतं. डॉक्टर, नर्स आणि समुपदेशक येतात, ड्रेसिंग शिकवतात, औषधं बदलून देतात, फोनवरही उपलब्ध असतात.

पण ही टीम नसेल तर घरी ठेवण्याचा विचार मी तरी करू नका म्हणेन, आणि त्याचं कारण मॉर्फिन. कॅन्सरच्या जोरदार दुखण्यावर ते सर्वांत भरवशाचं औषध आहे, पण कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ते मिळणं वर्षानुवर्षं फार कठीण होतं. 2014 च्या दुरुस्तीने परवान्यांची गुंतागुंत कमी केली, तरी आजही ते मुख्यतः मान्यताप्राप्त संस्थांकडूनच घ्यावं लागतं. म्हणजे गोळ्या संपत आल्या की त्या संस्थेशी आपला धागा जोडलेला हवा. नुसत्या फॅमिली डॉक्टरच्या भरवशावर घरी ठेवलेला पेशंट दुखण्याने कण्हत राहतो आणि घरचे हतबल होऊन बघत बसतात.

मॉर्फिनला घाबरूही नका. "मॉर्फिन सुरू केलं म्हणजे संपलं" असं आमच्याकडेही बोललं गेलं. प्रत्यक्षात साध्या गोळ्या दर चार तासांनी, दुखायची वाट न बघता, घड्याळ लावून द्यायच्या असतात. रात्री झोपताना बहुधा दुप्पट डोस देतात, म्हणजे मधेच उठवावं लागत नाही. सुरुवातीचे काही दिवस गुंगी आणि मळमळ असते, ती बहुतेकांची ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवंच. अण्णा डोस बसल्यावर उठून पेपर वाचायला लागले होते.

मग आम्ही घर का सोडलं? औषधं मिळत होती, टीम येत होती, पैशांची ओढाताण होती पण निभत होतं. कारण वरकरणी किरकोळ वाटेल असं होतं: ब्युरोच्या बायका आणि मामा, म्हणजे पेशंटची सेवा करायला एजन्सीकडून पगारावर येणारी माणसं.

ज्यांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. दिवसपाळी, रात्रपाळी, आणि दर काही दिवसांनी नवं माणूस. कधी गावाला गेले म्हणून, कधी दुसरीकडे जास्त मिळाले म्हणून. त्यात त्यांचा दोष काढावा असं मला वाटत नाही. कष्टाचं काम, तुटपुंजा पगार, आणि शिकवलेलं जवळजवळ काहीच नाही. पण अण्णांच्या गालावरची जखम बाहेरून उघडी झाली होती आणि तिला वास होता. येणारा प्रत्येक नवा माणूस दारातून आत येताना आधी नाकाला रुमाल लावायचा. अण्णांना बोलता येत नव्हतं, पण दिसत सगळं होतं. नवा माणूस आला की ते तोंड भिंतीकडे करून पडायचे आणि मग आम्ही हाक मारली तरी वळायचे नाहीत. पुढे पुढे तर नातवंडांनाही खोलीत येऊ देईनात. हातानेच "जा" म्हणायचे.

हॉस्पिसमध्ये पहिल्याच दिवशी सिस्टर आल्या, स्टूल ओढून त्यांच्या तोंडाजवळ बसल्या. सलाईनच्या पाण्याने पट्टी भिजवून सावकाश सोडवली, म्हणजे ओढली जाऊन रक्त येत नाही. जखम धुतली आणि मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड तिच्यावर पसरली. पोट बिघडल्यावर आपण घेतो तीच साधी गोळी. जखमेत वास निर्माण करणारे जंतू तिने मरतात. हे चालू असताना त्या अण्णांशी त्यांच्या गावच्या यात्रेबद्दल बोलत होत्या आणि अण्णा मानेने उत्तरं देत होते. वास थोड्याच दिवसांत पुष्कळ कमी झाला. पूड आम्ही घरीही टाकू शकलो असतो, हे खरं. पण इतक्या जवळ बसून, चेहऱ्यावर काही न दाखवता रोज ते करणारं माणूस आम्हाला घरी मिळालं नव्हतं. अण्णा भिंतीकडून वळले. माझ्यापुरता निकाल तिथंच लागला.

वारज्याचं हे केंद्र 1997 पासून चालू आहे आणि पेशंटकडून पैसे घेत नाही. मला आवडलेली गोष्ट म्हणजे तिथं घरचं माणूस पेशंटबरोबर राहतं आणि सगळं शिकतं: कूस कशी बदलायची, तोंड कसं स्वच्छ ठेवायचं, नळीतून भरवताना डोकं किती उंच हवं. दुखणं आटोक्यात आलं की बरेच पेशंट घरी परत जातात. एकदा आत गेलेला माणूस बाहेर येत नाही, ही समजूत अगदी चुकीची आहे.

मुंबईकरांसाठी वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती आवेदना सदन आहे. 1986 मध्ये सुरू झालेलं हे देशातलं पहिलं हॉस्पिस. गोव्यात लोटलीलाही त्यांची शाखा आहे. सेवा विनामूल्य, पण फक्त कॅन्सरच्या पेशंटसाठी. उपचार करणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि सगळी कागदपत्रं तयार ठेवा. किडनी, फुफ्फुसं किंवा डिमेन्शियाचा पेशंट असेल तर कुठल्याही ठिकाणी आधी फोन करून विचारा, कारण कॅन्सर सोडून इतर आजारांसाठी अशा जागा आपल्याकडे फार कमी आहेत. तिथं घर हाच पर्याय बऱ्याचदा उरतो.

परदेशातल्या भावंडांशी बोलताना एक गोंधळ होतो. अमेरिकेत दोन डॉक्टरांनी आयुष्य सहा महिन्यांच्या आत असल्याचं लिहून दिलं की मेडिकेअरच्या, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या खर्चाने हॉस्पिसची नर्स बहुतेकदा घरीच येते. त्यामुळे "घरीच बोलवा ना त्यांना" असा सल्ला तिकडून येतो. आपल्याकडे ती सोय मुख्यतः शहरांपुरती, तीही काही भागांपुरती.

आणि नातेवाईक. "बापाला संस्थेत टाकलं" हे ऐकावं लागतं, आम्हीही ऐकलं. आमच्या आत्या सगळ्यांत जास्त विरोधात होत्या. त्यांना मी काही समजावलं नाही, भेटायला घेऊन गेलो. अण्णांचा हात धरून त्या दुपारभर बसल्या आणि निघताना एवढंच म्हणाल्या, "दुखत नाहीये रे त्याला."

घर मोठं असेल, सेवा करणारी दोन-तीन धडधाकट माणसं असतील, जखम नसेल आणि टीम येत असेल, तर घरीच ठेवा. त्याची सर कशालाच नाही. पण यातलं एक जरी कमी असेल तर मी हॉस्पिसकडे झुकेन. निदान दुखणं आणि जखम ताब्यात येईपर्यंत तरी. आणि हे उशिरा करू नका. शुद्ध हरपल्यावर नेलं तर पेशंटला त्या जागेचा काही उपयोग होत नाही.

घरी ठेवलंत तर एक गोष्ट आजच विचारून घ्या: मृत्यूचा दाखला कोण देणार? घरी मृत्यू झाला तर कारण लिहिलेला डॉक्टरचा दाखला स्मशानात मागतात, आणि पेशंटला कधीच न पाहिलेला डॉक्टर रात्री येऊन तो द्यायला तयार होत नाही. टीमचे किंवा तुमचे नेहमीचे डॉक्टर देणार असतील तर त्यांचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये टाकून ठेवा.